गॅरेजच्या दारातून : पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचं काय करायचं?

पावसाळा उलटला की फोंड्यातल्या आमच्या शेडवर दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांच्या पत्र्याला गंज लागलाय. दुसरी, ज्यांना रात्री रस्ता दिसत नाही. या महिन्यात दुसऱ्या प्रकारची पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. गंजवाल्यांनी थोडं थांबावं.

डिचोलीहून एक वाचक : माझी गाडी 2012 ची आहे. दोन्ही हेडलाइट पिवळट, धुरकट झालेत. टूथपेस्टने घासले तेव्हा चकाचक झाले, पण चवथीपर्यंतही टिकले नाहीत. नव्या जोडीची किंमत ऐकून दुकानातून परत आलो. घरच्या घरी कायमचा इलाज आहे का?

कायमचा नाही. पण नीट केलं तर दोन-तीन वर्षं बघायला नको, असा आहे.

आधी हे समजून घ्या, की आपण सगळे जिला हेडलाइटची काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. दगड लागला तरी सहज फुटत नाही, वजनाला हलकं, हवा तो आकार देता येतो, म्हणून कंपन्यांनी ते धरलं. त्याचे दोष दोन. ते मऊ आहे, चरे लगेच पडतात. आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक, कडक कोट चढवलेला असतो. तो कोट आहे तोवर हेडलाइट काचेसारखा. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो बारीक तडकतो, पापुद्रे सुटतात आणि मग खालचं प्लास्टिक उघडं पडतं. तुम्हाला दिसतो तो पिवळेपणा म्हणजे हा मेलेला कोट आणि त्याखालचा भाजलेला पातळ थर.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. तिने वरचा धुरकटपणा जातो. त्याबरोबर उरलासुरला कोटही जातो, आणि प्लास्टिक आधीपेक्षा जास्त उघडं पडतं. म्हणून तुमचा चकचकीतपणा टिकला नाही. घासणं हे अर्धंच काम आहे. घासल्यावर वरून काय लावलं, यावर पुढचं सगळं ठरतं. बाजारात ‘पॉलिश करून देतो’ म्हणणारे बहुतेक जण हा दुसरा भाग गाळतात, कारण चकचकीत गाडी बघून गिऱ्हाईक खुशीत पैसे देऊन जातं.

काम हाती घेण्याआधी एक परीक्षा करा. हेडलाइटवर पाणी ओता आणि ओला असतानाच बघा. ओला झाल्यावर तो स्वच्छ, आरपार दिसला तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, तुमची मेहनत फुकट जाणार नाही. ओला असूनही आत धुकं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा किंवा पिवळा डाग दिसत राहिला, तर दोष आतल्या बाजूला आहे. मग बाहेरून कितीही घासा, दंडांत गोळे येतील तेवढेच.

परीक्षा पास झाली असं धरतो. सामान सगळं रंगाच्या दुकानात मिळतं: 800, 1200, 2000 आणि 3000 नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे, नंबर मोठा तसा पेपर बारीक), चांगल्या प्रतीची मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड (चमक आणणारी घासायची पेस्ट), मऊ मायक्रोफायबरची फडकी. पेपर वॉटर पेपरच हवा. सुतार वापरतो तो लाकडाचा पॉलिश पेपर आणलात तर पाण्यात त्याचा लगदा होईल.

गाडी सावलीत घ्या, हेडलाइट शॅम्पूने धुवा. बॉनेटची कड, बंपर, फेंडर, जिथे जिथे हात घसरू शकतो तिथे टेपचे दोन थर लावा. ही पायरी लोक कंटाळा करून सोडतात आणि मग बंपरचा रंग उडाला म्हणून माझ्याकडे येतात. पेपरचे तुकडे शॅम्पूचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात पाव तास भिजत ठेवा. पेपराच्या मागे रबराचा किंवा स्पंजचा ठोकळा धरा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली जास्त दाब पडतो आणि खाचा उमटतात.

सुरुवात 800 ने. कोट नुसता धुरकट असेल, पापुद्रे सुटले नसतील, तर 1200 नेच करा. आडव्या दिशेने घासा, पाणी सारखं सोडत राहा. पहिल्यांदा पिवळसर पाणी ओघळेल, तो जुना कोट. थोड्या वेळाने पाणी दुधासारखं पांढरं येऊ लागतं, म्हणजे तुम्ही चांगल्या प्लास्टिकला पोचलात. आता धुवून पुसा आणि कोरडं झाल्यावर निरखा. सगळीकडे सारखा, मॅट पांढरेपणा दिसला पाहिजे. मध्येच कुठे चकाकणारा तुकडा असेल तर तिथे जुना कोट चिकटून बसलाय, तिथे पुन्हा घासा. तो तसाच राहिला तर नव्या कोटखालून त्याची कड कायम दिसते.

या टप्प्याला हेडलाइट आधीपेक्षा भयंकर दिसतो. घरातलं कोणीतरी बाहेर येऊन ‘आता काय करून ठेवलंत हे?’ विचारणारच. उत्तर देऊ नका, पुढचा पेपर घ्या. 1200 उभ्या दिशेने, मग 2000 आडव्या, 3000 पुन्हा उभ्या. दिशा बदलण्याचं कारण साधं आहे, आधीच्या पेपरचे चरे गेले की नाही ते लगेच कळतं. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. नंबर बदलताना बादलीतलं पाणीही बदला, जाड पेपरचा एक कण बारीक पेपरखाली आला की सगळं पुन्हा. 3000 झाल्यावर कंपाउंड. हाताने केलंत तर दम निघेल, ड्रिलला फोमचा पॅड लावून कमी गतीवर केलंत तर लवकर होईल. मशीन एका जागी धरू नका, प्लास्टिक तापून दुधाळ होतं.

आता कोट. इथे दोन वाटा आहेत.

घरची वाट म्हणजे हेडलाइटसाठीच मिळणारं, अतिनील किरण अडवणारं सीलंट. फडक्याने लावायचं, डबीवर सांगितलंय तेवढं सुकू द्यायचं. लावण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, कंपाउंडचा तेलकटपणा राहिला तर सीलंट धरत नाही. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांना मात्र जवळही आणू नका, पॉलिकार्बोनेट त्यांनी तडकतं. नुसता मेणाचा पॉलिश लावणार असाल तर तोही चालेल, पण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी हवी. मला माणसांचा अनुभव आहे, दुसऱ्या वेळेनंतर कोणी लावत नाही.

दुसरी वाट पेंटरची. हार्डनर मिसळून मारतात तो टू-के क्लिअर. गाडीच्या रंगावर शेवटी मारतात तोच हा प्रकार, फक्त अतिनील किरण अडवणारा मागून घ्यावा. ही वाट धरलीत तर 3000 आणि कंपाउंडपर्यंत जायची गरजच नाही. 1200 वर थांबा. क्लिअर बारीक चरे स्वतः भरून काढतो, आणि अगदी गुळगुळीत जागेवर त्याची पकड बसत नाही. पहिला हात कोरडा, अगदी हलका, नाहीतर त्यातलंच सॉल्व्हंट प्लास्टिकला चावतं. मग दहा मिनिटं थांबून दुसरा. हे घरी स्प्रेच्या डब्यातून करता येतं, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना वाईट. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. तेवढ्यासाठी मास्क घेण्यापेक्षा घासाघाशी घरी करा आणि क्लिअरपुरती गाडी पेंटरकडे न्या. मजुरीतला मोठा वाटा घासण्याचाच असतो, तो वाचेल.

एक गोष्ट गोव्यात राहणाऱ्यांसाठी. जून ते सप्टेंबर क्लिअर मारूच नका. हवेतल्या ओलाव्याने तो पांढुरका पडतो, आणि मग तोही घासून काढावा लागतो. दिवाळीनंतर, थंडी पडली की करा, सकाळचं दंव उडाल्यावर.

वास्कोहून एक वाचक भगिनी : माझ्या भाच्याने डास पळवायचा स्प्रे फडक्यावर घेऊन आमच्या गाडीचे हेडलाइट पुसले. दोन मिनिटांत आरशासारखे झाले! इतका सोपा उपाय असताना लोक एवढं घासत का बसतात?

ताई, भाच्याला आधी सांगा, दुसरी गाडी पुसू नकोस. डासांच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये आणि मलमांत डीट नावाचं रसायन असतं. ते कातडीवर चालतं, पण प्लास्टिक विरघळवतं. तुम्ही पाहिलीत ती चमक म्हणजे हेडलाइटचा वरचा थर मऊ होऊन पसरला, त्यात चरे बुजले. सुकल्यावर तो चिकट होतो, धूळ धरतो आणि पुढे बारीक तडे जातात. तो ओघळ बंपरच्या रंगावर गेला तर तिथेही डाग पडतो. आजच शॅम्पूच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. चिकटपणा राहिलाच असेल तर वरच्या उत्तरातलं काम करावं लागेल, आणि ते भाच्यालाच करायला लावा.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने काच पिवळी पडते का. वास्को, मिरामार, कळंगुट, किनाऱ्यावरचं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. मीठ पत्र्याचं वाटोळं करतं, हेडलाइट पिवळा करतं ते ऊन. मिठाचा आणि आपल्या तांबड्या मातीचा गुन्हा वेगळा आहे. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची जी सवय आहे ना, तिच्यामुळे मातीतले खरखरीत कण कोटवर फिरतात आणि चरे पडतात. आधी पाणी मारा, मग पुसा. गाडीवर कव्हर घालत असाल तर तेही धुतलेल्या गाडीवर घाला. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर पेपर मारल्याचं काम करतं.

मडगावहून : डावा हेडलाइट पिवळा, उजवा बराच बरा. असं कसं?

गाडी रोज एकाच जागी, एकाच तोंडाने उभी राहते का ते बघा. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन ज्या बाजूला लागतं ती आधी जाते. दुसरी शक्यता, गाडी जुनी घेतली असेल तर उजवा हेडलाइट कधीतरी बदललेला असेल, म्हणजे उजव्या बाजूला ठोकर खाल्लेली. हेडलाइटच्या मागे आणि अंगावर तारखेचे किंवा कंपनीचे ठसे असतात, दोन्ही जुळतात का ते पाहा. हे गाडी घेण्याआधी बघायचं असतं, पण असो. उपाय दोन्ही बाजूंना एकदमच करा, नाहीतर रात्री एका डोळ्याने बघितल्यासारखं वाटेल.

काणकोणहून : पावसात माझ्या हेडलाइटच्या आत वाफ धरते. कधी कधी थेंबही दिसतात. मेकॅनिक म्हणतो, भोक पाडून पाणी काढून देतो. काढू का?

भोक अजिबात पाडू देऊ नका. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो, मागे हवा खेळायला छोट्या नळ्या किंवा जाळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. मुसळधार पावसात किंवा गाडी धुतल्यावर आत पुसट वाफ धरणं, आणि दिवे लावून थोडं चालवल्यावर ती निघून जाणं, हे ठीक आहे. तळाशी पाणी साचत असेल तर मात्र कुठेतरी चीर आहे, मागचं रबरी टोपण नीट बसलेलं नाही किंवा काच आणि मागच्या डब्यामधलं (हाउसिंग) सील सुटलंय. बल्ब बदलल्यावर टोपण वाकडं बसवणं हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. तेच आधी पाहा, फुकटात काम होईल.

आतलं पाणी काढायला हेडलाइट उतरवून, बल्ब काढून उन्हात तोंड खाली करून ठेवा. आत कापूस, फडकं काही घालू नका. आतला चंदेरी रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आहे, बोट लागलं तरी निघतो. पाणी बरेच दिवस राहिल्याने तो काळवंडला असेल तर हेडलाइट बदलावाच लागेल, बाहेरून चमकवण्यात अर्थ नाही.

साखळीहून, कामासाठी बेळगावला ये-जा करणारे एक वाचक : हेडलाइट पॉलिश करून, कोट मारून घेतले. दिसायला नवे झाले, पण रात्री चोर्ल्याच्या घाटात उजेड पुरत नाही. एलईडी बल्ब घालू की 100 वॉटचा?

दोन्ही नकोत. कारण सांगतो.

2018 साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने जुन्या पिवळ्या हेडलाइटची मोजणी केली होती. नव्याच्या मानाने जेमतेम 20 टक्के उजेड त्यातून पडत होता. घासून, कोट मारून तो 70 टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे तुमच्या कामाचा फायदा मोठाच झालाय, पण पूर्ण नव्यासारखं होत नाही ते नाहीच. राहिलेला उजेड आता दुसरीकडे शोधायचा.

पहिला बल्ब. तुमच्या गाडीत बहुधा एच-फोर म्हणजे अप्पर-डिपर एकत्र असलेला हॅलोजन बल्ब असेल, अप्पर 60 आणि डिपर 55 वॉट. हॅलोजन बल्ब वर्षानुवर्षं जळून मंद होतो, आणि ते हळूहळू होतं म्हणून आपल्याला कळत नाही. जोडीने नवे घाला, चांगल्या कंपनीचे, तेवढ्याच वॉटचे. बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

दुसरी वायरिंग. जुन्या गाडीत स्विचपासून बल्बपर्यंत येता येता व्होल्टेज गळतं. ते 10 टक्क्यांनी कमी झालं तर हॅलोजनचा उजेड सुमारे 30 टक्क्यांनी पडतो. इलेक्ट्रिशियनला सांगा, दिवे चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर मीटर लाव आणि बॅटरीवरही लाव. फरक मोठा निघाला तर अर्थिंग साफ करून फ्यूजसकट रिले, म्हणजे बॅटरीतून बल्बला थेट वीज देणारा स्विच, बसवून घ्या. इतक्या साध्या कामाने माझ्याकडची गिऱ्हाइकं चकित होऊन गेली आहेत.

तिसरं, रोख. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा, डिपर लावा. उजेडाची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली पडायला हवी. हेडलाइट काढून बसवले की हा रोख बिघडतो, आणि तुमचे नुकतेच काढले असणार. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची छोटी चकती असेल तर ती कुठे आहे तेही पाहा. मागे माणसं-सामान असताना फिरवलेली चकती परत 0 वर आणायची राहून जाते, मग दिवा पायाजवळचा रस्ता दाखवतो.

एलईडीबद्दल. हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकी कुठे आहे ते धरून घडवलेला असतो. दुसऱ्या आकाराचा उजेड तिथे ठेवला की तो भलतीकडे फेकला जातो. समोरच्याच्या डोळ्यांवर झळाळी आणि तुमच्या रस्त्यावर मध्येच अंधार. चोर्ल्याच्या वळणांवर समोरून ट्रक येत असताना त्याला आंधळं करणं परवडायचं नाही. 100 वॉटच्या बल्बने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो, पोलिसांनी धरलं तर दंड वेगळा. आणि पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की अप्पर लावूच नका. पांढरी भिंत तेवढी दिसते. डिपर, फॉग लॅम्प असतील तर ते, आणि वेग कमी.

म्हापशाहून : वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. तिच्या गोल हेडलाइटना पण हाच इलाज करू का?

नको! ती खरी काच आहे. पेपर मारलात तर कायमचे चरे पडतील. अमेरिकेने 1983 मध्ये नियम बदलला, 1984 च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला बदलत्या बल्बचे वेगळ्या घडणीचे हेडलाइट आले आणि त्यानंतर जगभर प्लास्टिकचा जमाना सुरू झाला. तुमची पद्मिनी त्या आधीच्या घराण्यातली. काच साबणाच्या पाण्याने धुवा. तरीही उजेड मंद असेल तर आतला रिफ्लेक्टर काळवंडलेला असणार. गोल सात इंची दिवे अजून मिळतात, जोडी बदला. आणि गाडी विकू नका, निदान मला दाखवल्याशिवाय.

पेडण्याहून : मला स्वतः करायचं नाही. वेळ नाही, हात दुखतात. पेंटरकडे गाडी दिली तर त्याला नेमकं काय सांगू? की बाजारातले स्वस्त नवे हेडलाइटच घालू?

स्वस्त हेडलाइटबद्दल माझं मत वाईट आहे. दिसायला हुबेहूब, पण बऱ्याच जणांचा कोट पातळ असतो आणि रोख नीट बसत नाही. मूळ कंपनीचे परवडत नसतील तर अपघातातल्या गाडीचे, न तडकलेले मूळ हेडलाइट शोधा. ते मिळेपर्यंत आहेत तेच नीट करून घ्या.

पेंटरला विचारा, घासल्यावर काय मारणार? ‘मशीनने पॉलिश’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा. ‘क्लिअर’ म्हणाला तर विचारा, हार्डनरवाला का, आणि दिवा काढून मारणार की गाडीवरच. काढून मारलेलं केव्हाही चांगलं, कडेपर्यंत हात पोचतो. पण मग बसवताना रोख तपासून द्यायची जबाबदारी त्याची, हे आधीच ठरवा. फिल्मवाला पेंटरच्या ओळखीत असेल तर क्लिअरऐवजी पारदर्शक पीपीएफ फिल्म (गाडीचा रंग वाचवायला चिकटवतात ती) लावणं हाही चांगला मार्ग आहे, खराब झाली की सोलून नवी लावता येते. काळी किंवा रंगीत फिल्म कोणी दाखवली तर हात जोडा.

गाडी ताब्यात घेताना दिवसा उजेडात, कडेने वाकून पाहा. वळणाच्या कडांवर जुन्या कोटचा पापुद्रा किंवा पिवळी रेघ दिसली तर तिथल्या तिथे परत करायला सांगा. पैसे त्यानंतर.